मानेचा मळ

वजरीनं घासली, बेसनानं घासली,
लिंबाची फोड चोळून उन्हात बसले,
मानेवरचा काळा पट्टा हलला नाही.
युनिफॉर्मची कॉलर वर ओढून
घणसोलीच्या तेवीस मजल्यांच्या गेटवर उभी राहायचे.
चुलत जाऊ म्हणाली, नीट आंघोळ करत जा गं.
दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.
दोन दिवस आणखी जोरात घासली.

नागरी आरोग्य केंद्रातल्या तांडेल डॉक्टरांनी
न विचारता कॉलर खाली केली.
मळ नाही हा, म्हणाल्या. रक्त तपासू.

रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा बाकडी रिकामी होती.
त्यांनी माझ्या शर्टावरचा बिल्ला वाचला
आणि माझीच भाषा काढली.
पार्सल आलं की काय करता?
इंटरकॉम वाजवते.
उचलला नाही तर?
परत वाजवते.
आणि दिवसभर, दर अर्ध्या तासानं वाजवलात तर?
लोक रिसीव्हर काढून ठेवतात, मॅडम.
बाराशे तीनवाल्यांनी ठेवलाय.
तेच झालंय. साखर म्हणजे पार्सल,
इन्सुलिन म्हणजे तुम्ही.
आतली घरं वैतागलीत, दार उघडत नाहीत,
गेटवर खोके साचतायत,
आणि शरीर काय करतं? आणखी वॉचमन पाठवतं.

हसू आलं मला. मग आलं नाही.

त्या रात्री केबिनमध्ये बसून बोटांवर मोजलं.
आठचा, ड्युटीवर आल्याचा चहा.
दहाचा, सुपरवायझर कोंडाळकर पाजतात तो.
एकचा, झोप मोडायला.
तीनचा, एकच्यानं मोडली नाही म्हणून.
पाचचा दूधवाल्याबरोबर, बिस्किटं बुडवून.
वर बी विंगमध्ये कुणाचा तरी वाढदिवस,
केकचा उरलेला कोपरा, घ्या ना ताई.
नाही म्हणणं माझ्या नोकरीत बसत नाही.

आधी चहातली साखर गेली.
चार दिवस डोकं असं ठणकलं
की एका कुरिअरच्या पोरावर ओरडले,
पाचव्या दिवशी त्याला पाणी दिलं.
मग रात्रीचा भात गेला. अर्धा गेला, खोटं कशाला बोलू.
निघायच्या आधीच जेवण: नाचणीची भाकरी, मटकी,
काकडी, मिळाला तर शेवग्याचा पाला.
आणि जेवून खुर्चीत बसायचं नाही.
दोन्ही टॉवरना फेऱ्या, पोडियमच्या कडेनं,
हातात टॉर्च, म्हणजे बघणाऱ्याला राऊंड वाटतो.
कुत्र्यांनी आठवडाभर भुंकून घेतलं.
आता एक भुरी सोबत येते.

झोप मात्र माझ्या हातातली नव्हती.
डॉक्टरांनी लिहून दिलं, रात्रपाळी कमी करावी.
कोंडाळकरांनी कागदाची घडी घालून परत दिली:
कमी म्हणजे किती, ते आणा.
परत गेले. आकडा आणला.
आता महिन्यातले पंधरा दिवस मी दिवसाची.
उरलेल्या पंधरात सकाळी खिडकीला सतरंजी,
मोबाईल पिठाच्या डब्यात.

गौरीला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप घालून.
वहीत लिहिल्या.
तांडेल डॉक्टरांनी शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: दोनच?

सात महिने झाले.
पट्टा आहे अजून. कडेनं विरलाय,
तोही न घासता.
वजरी आता टाचांपुरती.
परवा जाऊ मागून बघत म्हणाली, साबण कुठला?
तिच्याही मानेकडे बघितलं मी.
म्हटलं, सोमवारी चल माझ्याबरोबर, सांगते.

काल रात्री बाराशे तीनचं औषध आलं.
हल्ली मी एकदाच वाजवते,
आणि थांबते.
बराच वेळ गेला. मग खरखर,
म्हाताऱ्या गळ्यातलं एक हं,
पाठवा वर.

पोरगा केव्हाच निघून गेला होता.
भुरीला गेटवर बसवलं, जोडीदाराला उठवलं,
पुडकं घेऊन जिन्यानं निघाले.
चौथ्यापर्यंत.
पुढं लिफ्ट.